ओढ्याचे पाणी ३८०, बोअरचे १,१५०: मग स्वच्छ कोणते?

नमस्कार.

आपला प्रश्न मी दोनदा वाचला. बीड जिल्ह्यातील आपल्या शाळेच्या नववीच्या वर्गाने गावातील अकरा ठिकाणचे पाणी तपासले. टीडीएस मीटरवर, म्हणजे विरघळलेल्या क्षारांचा अंदाज देणाऱ्या मीटरवर, शाळेच्या बोअरचे पाणी १,१५० आले, गावठाणातील जुन्या आडाचे ८२० आणि ओढ्याचे अवघे ३८०. आडाच्या पाण्यात नायट्रेटची पट्टी गडद गुलाबी झाली. मुलांनी ओढ्याचे पाणी सर्वांत स्वच्छ ठरवले, ते आपल्याला पटले नाही, आणि हे पाणी मुळात येते कुठून व त्यात घाण कुठे मिसळते हे मुलांना शोधता येईल का, असे आपण विचारले आहे. शोधता येईल. गेली सव्वीस वर्षे मी मराठवाड्यात पाण्याचे नमुने घेण्याचे आणि तपासण्याचे काम करतो आहे, आणि शाळेच्या मुलांनी चिकाटीने केलेल्या नोंदी कितीतरी वेळा आमच्या नोंदींपेक्षा अधिक उपयोगी ठरल्याचे मी पाहिले आहे.

शोधाकडे वळण्यापूर्वी आडाविषयी एक गोष्ट आजच करावी लागेल. पिण्याच्या पाण्यात नायट्रेटची मर्यादा लिटरमागे ४५ मिलिग्रॅम आहे, आणि दुसरी सोय नसली तरी या मर्यादेत भारतीय मानकाने सूट दिलेली नाही. तान्ह्या बाळाला जास्त नायट्रेटच्या पाण्यात दूध कालवून दिले, तर त्याच्या रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची क्षमता घटते. पाणी उकळल्याने नायट्रेट जात नाही. पाणी आटते आणि नायट्रेट उलट दाट होते. त्यामुळे त्या आडाच्या आसपास ज्या घरांत लहान बाळ आहे, त्यांना बाळासाठी हे पाणी वापरू नका असे सांगावे. पक्का अहवाल येईपर्यंत थांबू नये. त्याच वेळी पट्टीच्या डबीवरचे एककही पाहून घ्यावे. काही पट्ट्या नायट्रेट मोजतात, काही नायट्रेटमधला फक्त नायट्रोजन मोजतात. नायट्रेटचे ४५ म्हणजे नायट्रोजनचे साधारण १०. हा फरक लक्षात न घेतल्यामुळे सुरक्षित पाणी धोक्याचे आणि धोक्याचे पाणी सुरक्षित ठरवलेले मी अनेक वह्यांत पाहिले आहे.

आता मूळ अडचण. पाणी पिण्यायोग्य आहे का, हा एक प्रश्न झाला. ते कुठून आले आणि वाटेत त्याला काय भेटले, हा दुसरा. पहिल्या प्रश्नाला नीट घेतलेला एक नमुना पुरतो. दुसऱ्याला एकटा आकडा कधीच पुरत नाही. त्यासाठी वरचे आणि खालचे, उथळ आणि खोल, पावसाआधीचे आणि नंतरचे पाणी शेजारी शेजारी ठेवून पाहावे लागते. आपल्या मुलांनी दुसऱ्या प्रश्नाचे साधन घेऊन पहिल्या प्रश्नाचे उत्तर शोधले, म्हणून ओढा स्वच्छ ठरला.

टीडीएस मीटर घाण मोजत नाही. पाण्यातून वीज किती सहज वाहते हे ते मोजते आणि त्यावरून विरघळलेल्या क्षारांचा अंदाज देते. पावसाच्या पाण्यात क्षार अत्यल्प असतात. ते मुरुमातून, मांजऱ्या खडकातून झिरपत जाते तसे खडकातले कॅल्शियम, मॅग्नेशियम, बायकार्बोनेट उचलत जाते. म्हणजे आपल्या भागात बोअरचा मोठा आकडा बऱ्याचदा एवढेच सांगतो, की हे पाणी खडकात फार काळ राहिले आहे. अशा पाण्यात तुरीची डाळ शिजत नाही आणि साबणाला फेस येत नाही. ते जड आहे. घाणेरडे असेलच असे नाही. मानकाप्रमाणे टीडीएस ५०० पर्यंत असावा, आणि दुसरा स्रोत नसेल तर २,००० पर्यंत चालतो. ओढ्याचे पाणी नुकतेच जमिनीवरून वाहून आलेले, खडकाशी ओळखही न झालेले, म्हणून त्याचा आकडा लहान. त्यात शेण, सांडपाणी आणि जिवाणू असतील, तर ते या मीटरला दिसणारच नाहीत. हे मुलांना शब्दांत सांगण्याऐवजी दाखवावे. भांडेभर पावसाच्या पाण्यात चिमूटभर शेण कालवून मीटर बुडवावे. आकडा शाळेच्या बोअरच्या खालीच राहील. त्यानंतर समजावण्याची गरज उरत नाही.

यापुढे मी जो क्रम सांगतो तो अनेकांना उलटा वाटतो. आधी विचारपूस, मग पाण्याची पातळी, आणि रसायने सर्वांत शेवटी.

विचारपूस पहिली, कारण मराठवाड्यात विहिरीतले पाणी त्या विहिरीचे असेलच असे नाही. उन्हाळ्यात टँकर आला की तो थेट गावच्या विहिरीत रिकामा होतो. त्या आठवड्यात घेतलेला नमुना दहा-वीस किलोमीटरवरच्या कुठल्या तरी तलावाचा असतो. शेतकरी रात्री वीज असेल तेव्हा बोअरचे पाणी विहिरीत सोडतात आणि दिवसा विहिरीवरची मोटर चालवतात, म्हणजे विहीर केवळ हौद होते. शेततळ्याचेही तसेच. म्हणून प्रत्येक ठिकाणी मुलांनी मालकाला किंवा घरातल्या जाणत्या बाईला विचारावे: यात बाहेरचे पाणी पडते का, झरे कोणत्या अंगाला आहेत, उन्हाळ्यात पाणी कोणत्या महिन्यात जाते, चव कधी बदलली. बोअर असेल तर किती फुटांवर पाणी लागले आणि केसिंग, म्हणजे बोअरच्या तोंडापासून आत बसवलेला पाइप, किती फूट उतरवले, हे विचारावे. लोकांना हे आकडे वर्षानुवर्षे पाठ असतात, कारण प्रत्येक फुटाचे पैसे त्यांनी मोजलेले असतात.

केसिंगची चौकशी मी मुद्दाम करायला लावतो. आपला खडक थरांचा आहे: लाव्हाच्या प्रत्येक थराचा मधला भाग घट्ट काळा पाषाण, वरचा भाग सच्छिद्र, आणि काही ठिकाणी दोन थरांच्या मध्ये लाल गेरूसारखा पट्टा. गावाखालचे उथळ पाणी आणि साडेतीनशे फुटांवरचे पाणी यांच्यामध्ये असे थर असतात, त्यामुळे वरची घाण सहजासहजी खोल जात नाही. म्हणून एखाद्या खोल बोअरमध्ये नायट्रेट सापडले, की पहिला संशय केसिंगवर घ्यावा. ते वीस फुटांवरच थांबले असेल, किंवा त्याच्या भोवतीची फट बुजवलेली नसेल, तर मुरुमातले पाणी त्या फटीतून सरळ खाली उतरते. शाळेच्या बोअरपाशी पावसाळ्यात पाणी साचते का, हे मुलांनी नुसते पाहिले तरी अर्धा उलगडा होईल.

आता पातळी. या भागावर मी थोडा रेंगाळणार आहे, कारण माझ्या हातून झालेली एक मोठी चूक याच कामाने सुधारली. जालना जिल्ह्यातील एका गावात गावठाणाजवळच्या विहिरीत नायट्रेट मर्यादेच्या दुप्पट आले होते. जमीन ओढ्याकडे उतरती होती, विहिरीच्या वरच्या अंगाला एका शेतकऱ्याचा गोठा आणि उकिरडा होता, आणि उतार पाहून मी प्रदूषणाचे कारण तोच असल्याचे लिहून दिले. त्या भल्या माणसाने स्वतःच्या खर्चाने उकिरडा हलवला. पुढच्या वर्षी नायट्रेट तसूभरही कमी झाले नव्हते. मग तिथल्या शाळेच्या मुलांबरोबर आम्ही तीन विहिरींच्या पातळ्या मोजल्या.

पद्धत सोपी आहे. रात्रभर मोटर बंद ठेवायला सांगावे आणि पहाटे, उपसा सुरू होण्याआधी मोजावे. टेपच्या टोकाला लहान वजन बांधून शेवटच्या हातभर भागाला कोरडा खडू चोळावा, टेप पाण्यात थोडा बुडेल इतका सोडावा, कठड्याच्या ठरलेल्या खुणेवर किती मीटर आले ते वाचावे आणि टेप वर घेऊन खडूचा भिजलेला भाग वजा करावा. राहिली ती कठड्यापासून पाण्याची खोली. मात्र तीन विहिरींचे कठडे एका उंचीवर नसतात, आणि मोबाईलमधली उंची कित्येक मीटर चुकते, म्हणून ती वापरू नये. गावातल्या गवंड्याकडे लेव्हलची पारदर्शक नळी असते. तिच्यात हवेचा बुडबुडा न ठेवता पाणी भरून, एका मुलाने एक टोक कठड्याशी आणि दुसऱ्याने दुसरे टोक पुढच्या खुंटीशी धरावे, आणि असे पल्ल्यापल्ल्याने एका विहिरीपासून दुसरीपर्यंत जावे. दोन्ही टोकांतले पाणी स्थिर होईपर्यंत कोणी बोलत नाही, सगळे वाकून त्या रेषेकडे पाहत असतात. भौतिकशास्त्राचा इतका चांगला तास मी वर्गात पाहिलेला नाही.

आम्हाला मिळालेले आकडे असे होते. वरच्या विहिरीचा कठडा शून्य धरला. गावठाणाजवळच्या, म्हणजे दूषित विहिरीचा कठडा त्याहून १.४० मीटर खाली होता आणि ओढ्याकाठच्या विहिरीचा २.१० मीटर खाली. कठड्यापासून पाणी अनुक्रमे ६.२०, ५.९५ आणि ३.८० मीटरवर होते. बेरीज केली तर पाण्याची पातळी वरच्या विहिरीत उणे ६.२०, गावठाणाजवळच्या विहिरीत उणे ७.३५ आणि ओढ्याकाठी उणे ५.९० येते. जमीन ओढ्याकडे उतरत होती, पण जमिनीखालचे पाणी ओढ्याकडून गावाकडे चालले होते. गावठाणाजवळच्या विहिरीवर इतका उपसा होता की ती ओढ्याचे पाणी आपल्याकडे ओढत होती, आणि त्या ओढ्यात साऱ्या गावाचे सांडपाणी सोडलेले होते. त्या शेतकऱ्याच्या घरी जाऊन मी माझा निष्कर्ष चुकल्याचे सांगितले. तेव्हापासून पातळी मोजल्याशिवाय मी कोणाच्या गोठ्याकडे बोट दाखवत नाही.

या पद्धतीलाही मर्यादा आहे. पाषाणात पाणी भेगांतून चालते आणि भेग कुठे वळेल हे तीन विहिरींवरून कळत नाही. दिशा कळते, वाट कळत नाही. तीन ठिकाणे जोडून त्रिकोण काढताना बोअर आणि विहीर यांच्या पातळ्या एकाच त्रिकोणात घेऊ नयेत, कारण ती वेगवेगळ्या थरांची पाणी असतात.

दिशा कळली की रसायनांना अर्थ येतो. नायट्रेट एकट्याने फारसे बोलत नाही. त्याच्याबरोबर क्लोराइड मोजावे. आपल्या काळ्या खडकात क्लोराइड नगण्य असते. माणूस आणि जनावर मात्र रोज मीठ खातात आणि ते लघवीवाटे बाहेर पडते. त्यामुळे गावाबाहेरच्या माळावरच्या विहिरीत क्लोराइड समजा ३० असेल आणि गावठाणातल्या आडात १८० असेल, शिवाय नायट्रेटही वाढलेले असेल, तर शोषखड्डे, गोठे आणि सांडपाणी यांच्याकडे पाहावे. नायट्रेट वाढले पण क्लोराइड माळासारखेच राहिले, तर युरियाचा विचार करावा. इथेही एक अडचण आहे: उसाला आणि फळबागेला जे म्युरेट ऑफ पोटॅश घालतात त्यात क्लोराइड असते, आणि तेच पाणी पुन्हापुन्हा शेताला दिले की बाष्पीभवनाने सगळेच क्षार वाढतात. म्हणून शेतातल्या विहिरीबाबत खतांची चौकशी केल्याशिवाय निष्कर्ष काढू नये.

आपल्या आडाबाबत आणखी एक शक्यता आहे आणि मला ती दाट वाटते. आड जुन्या गावठाणात, म्हणजे पांढरीत असेल. शेकडो वर्षे जिथे माणसे आणि गुरे राहिली, तिथल्या मातीत नायट्रेट साठून राहते. जुन्या काळी अशाच मातीतून सोरा, म्हणजे नायट्रेटचाच क्षार, काढत, आणि शेतकरी पांढरीची माती खत म्हणून काळ्या रानात नेऊन टाकत. म्हणजे आज एकही शोषखड्डा नसता तरी त्या आडात थोडेफार नायट्रेट येतच राहिले असते. हे ओळखण्याचा उपाय म्हणजे पांढरीतलाच, पण शोषखड्ड्यांपासून दूर असलेला दुसरा आड शोधून तुलना करणे. बहुतेक गावांत एखादा वापरात नसलेला आड सापडतो. बुजवलेला नसेल तर त्याचाही नमुना घ्यावा.

क्लोराइडच्या तपासणीत पिवळे पोटॅशियम क्रोमेट वापरतात. ते विषारी आहे, त्यामुळे ही तपासणी शिक्षकांनीच हातमोजे घालून करावी आणि उरलेले द्रावण मोरीत ओतू नये. काठिण्याची, म्हणजे पाणी किती जड आहे याची, तपासणी मुलांनी करायला हरकत नाही. वाइनच्या रंगाचे द्रावण एका थेंबाने निळे होते, तो क्षण त्यांना विसरता येत नाही.

आता जिवाणू. यासाठी एच-टू-एस बाटली, म्हणजे जिवाणूंनी सोडलेल्या हायड्रोजन सल्फाइड वायूमुळे काळी होणारी बाटली, पुरेशी आहे. ही पद्धत १९८२ साली भारतीय शास्त्रज्ञांनीच मांडली. बाटली खुणेपर्यंत भरावी, ३० ते ३७ अंश तापमानाला ठेवावी, आणि २४ ते ४८ तासांत पाणी काळे झाले तर विष्ठेचा संसर्ग झाल्याचा संशय घ्यावा. डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत बाटली नुसती कपाटात ठेवली तर ती काळी होत नाही आणि पाणी शुद्ध वाटते. तेव्हा तिला उबदार जागा हवी. सडक्या अंड्याचा वास येणाऱ्या खोल बोअरचे पाणी संसर्ग नसतानाही बाटली काळी करू शकते. जलसुरक्षकाने टीसीएल, म्हणजे जंतू मारणारी ब्लिचिंग पावडर, टाकल्यानंतर नमुना घेतला, तर बाटली काहीच सांगणार नाही. म्हणून ओटी चाचणी करून क्लोरीन नसल्याची खात्री करावी, किंवा पावडर टाकण्याआधी नमुना घ्यावा. काळी झालेली बाटली मुलांना उघडू देऊ नये. टीसीएलचे दाट द्रावण घालून, काही तास ठेवून, मोठ्या माणसाने ती रिकामी करावी. ओढ्याचा ३८० चा आकडा आणि ओढ्याची काळी बाटली शेजारी ठेवा, आपल्या वर्गाचा वाद तिथे मिटेल.

इथपर्यंतचे थोडक्यात असे: मीटरवरून पाणी खडकात किती राहिले याचा अंदाज येतो, पातळीवरून ते कोणीकडून आले ते कळते, नायट्रेट-क्लोराइडच्या जोडीवरून वाटेत काय मिसळले याचा तर्क करता येतो, आणि बाटलीवरून आजचा धोका कळतो. यांतले एकही दुसऱ्याची जागा घेत नाही.

काय काय मोजावे हे गाव कुठे आहे त्यावरही ठरते. नांदेड जिल्ह्याच्या पूर्वेकडे, किनवट-भोकरच्या बाजूला, काळा पाषाण संपून ग्रॅनाइट-नाइस लागतो. तिथे मी सर्वांत आधी फ्लोराइड मोजायला सांगेन. शेजारी साखर कारखाना किंवा आसवनी असेल, तर गाळप सुरू होण्याआधी ऑक्टोबरात आणि गाळप भरात असताना जानेवारीत, असे दोन नमुने घेतल्याशिवाय काहीच म्हणू नये. मळीचे पाणी मिसळत असेल तर रंग, वास आणि पोटॅशियम यांत फरक पडतो. शहराच्या नाल्याखालचे गाव असेल तर विरघळलेला प्राणवायू मोजणे महत्त्वाचे. आपले गाव यांपैकी कशातच बसत नसावे असे प्रश्नावरून वाटते.

नमुना घेण्यातल्या चुका मोजण्यातल्या चुकांपेक्षा जास्त नुकसान करतात. बोअर किमान दहा मिनिटे चालू ठेवून मग बाटली भरावी, नाहीतर पाइपात रात्रभर साठलेले पाणी तपासले जाते. बाटली त्याच पाण्याने तीनदा विसळावी. जिवाणूंची बाटली मात्र कधीही विसळू नये. एका ठिकाणचे पाणी दोन बाटल्यांत भरून, वेगवेगळी नावे देऊन, मोजणाऱ्या गटाला न सांगता त्यांच्यापुढे ठेवावे. दोन्हींत मोठा फरक आला, तर आपल्या बाकीच्या आकड्यांवर किती विश्वास ठेवायचा ते मुलांना कोणी न सांगता कळते. आणि बिनकठड्याच्या विहिरीवर एकही मूल एकटे जाता कामा नये, मोठे माणूस आणि दोर बरोबर हवाच. याबाबत मी कोणतीही सवलत मानत नाही. पाण्याची चव मुलांनी घेऊ नये, ती गावकऱ्यांना विचारावी.

निरीक्षण विहिरींच्या पातळ्या भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबरमध्ये घेते. आपणही तेच महिने धरावेत, म्हणजे आपल्या नोंदी त्यांच्या नोंदींशी ताडून पाहता येतील. त्यात एक पाचवी फेरी मी आग्रहाने सुचवतो: जूनमधला पहिला मोठा पाऊस झाल्यानंतरचे दोन-तीन दिवस. उन्हाळ्यात काळ्या रानाला हातभर भेगा पडलेल्या असतात. पहिले पाणी मातीतून गाळून न जाता त्या भेगांतून सरळ खाली उतरते आणि वर्षभर वर साठलेले घेऊन जाते. त्या दोन दिवसांत एखाद्या विहिरीचे नायट्रेट उसळले आणि शेजारच्या विहिरीचे स्थिर राहिले, तर कोणती विहीर वरच्या घाणीला उघडी आहे ते स्पष्ट होते. नमुने घेताना तांडा आणि वस्त्या सुटू देऊ नका. आपल्या अकरा ठिकाणांत नऊ गावठाणातलीच दिसतात, आणि माळावरची स्वच्छ विहीर तुलनेसाठी लागणारच आहे.

निकाल फळ्यावर किंवा गावाच्या व्हॉट्सअॅप गटावर टाकण्याआधी दोन गोष्टी कराव्यात. आडाचा आणि शाळेच्या बोअरचा नमुना उपविभागीय पाणी तपासणी प्रयोगशाळेत पाठवून आकडे पक्के करून घ्यावेत. जिवाणूंचा नमुना बर्फात ठेवून त्याच दिवशी पोहोचवावा. मग ते आधी त्या आडाच्या मालकाला आणि ग्रामपंचायतीला दाखवावेत. नकाशावर विहिरींना मालकांची नावे न देता क्रमांक द्यावेत. पातळ्यांचे आकडे हाती आले की कठड्यांच्या उंचीसह मला कळवा; त्रिकोण काढून दिशा कशी शोधायची हे मी आपल्या आकड्यांवरच करून दाखवीन.